घरच्या स्टिरिओची ऑडिओ केबल घरीच कशी बनवावी?

सीडी प्लेअर, टीव्ही, मोबाइल किंवा रेकॉर्ड प्लेअर यांच्यातून निघणारा सिग्नल ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारी वायर म्हणजे ऑडिओ इंटरकनेक्ट केबल. दुकानात तिला कोणी 'आरसीए केबल' म्हणतात, कोणी 'एव्ही कॉर्ड', तर कोणी नुसतेच 'पिनवाली वायर'. बाजारात ती शंभर रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. महागड्या केबलच्या डब्यावर शुद्ध तांबे, चांदीचा मुलामा, बाणाने दाखवलेली दिशा असे बरेच काही छापलेले असते. प्रत्यक्षात चांगली केबल बनवायला एक सोल्डरिंग आयर्न, थोडी शिल्डेड वायर, चार पिना आणि तासाभराचा निवांत वेळ एवढेच लागते.

तळेगाव दाभाडेजवळच्या वराळ्यासारख्या गावात राहणाऱ्याला ही केबल घरी बनवण्याची गरज जरा जास्तच भासते. घरे मोठी आणि खोल्या लांब असल्याने टीव्ही एका भिंतीला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीला असतो. तयार केबल बहुधा दीड मीटरची मिळते, आणि हवी असते चार मीटरची. शिवाय मावळचा पाऊस आहेच. वर लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खाली तळेगावच्या बाजूला तो बराच कमी होतो, तरी जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा पिनांवर चढतोच. दरवर्षी एका बाजूचा आवाज जातो, पिन हलवली की परत येतो. अशा वेळी नवी केबल आणण्यापेक्षा जुनीची पिन बदलता येणे कधीही चांगले.

केबलमधून जाते तरी काय?

फार थोडे. सीडी प्लेअर सर्वांत मोठ्या आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा अवरोध १० ते ५० किलो-ओहमच्या दरम्यान असतो. म्हणजे १० किलो-ओहम धरले तरी वायरमधून जाणारा प्रवाह फक्त ०.२ मिलिअँपिअर. स्पीकरच्या वायरमधून काही अँपिअर जाऊ शकतात. तिला जाडी लागते. इंटरकनेक्टला जाडी लागत नाही, तिला लागते ते संरक्षण.

तांब्याच्या शुद्धतेचा हिशेब इथेच लागतो. ०.२ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०९ ओहम भरतो. समोर १०,००० ओहमचा इनपुट असताना या तारेत सिग्नलचा एक लाखावा भागही नीट खर्ची पडत नाही. चांदी तांब्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी अधिक चांगली वाहक आहे, पण ०.०९ ओहमचे सहा टक्के वाचवून कानाला काय मिळणार? विद्युत कामाचे चांगले तांबे मुळातच ९९.९ टक्क्यांच्या आसपास शुद्ध असते. फिनोलेक्स केबल्सचा कारखाना मावळातच, उर्से इथे आहे. १९५८ साली पुण्यात मोटारगाड्यांसाठी पीव्हीसी वायर बनवण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. कुठल्याही नावाजलेल्या कारखान्यातले साधे तांबे या कामाला पुरून उरते.

मग फरक कशाने पडतो? तीन गोष्टींनी: शिल्ड किती चांगली आहे, केबलची कपॅसिटन्स किती आहे, आणि पिनेचा सांधा किती पक्का आहे. बहुतेक तक्रारी तिसऱ्यातून येतात.

शिल्ड आणि तो 'हम्म' आवाज

आरसीए पिनेला मधला खिळा आणि बाहेरची कडी असे दोनच भाग असतात. अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. रेडिओला ग्रामोफोन जोडण्यासाठी ही स्वस्तातली पिन निघाली आणि पुढे सगळ्या जगाने तीच उचलली. मधल्या खिळ्यातून सिग्नल जातो, कडीतून परत येतो. केबलमध्ये मधली तार सिग्नलची आणि तिच्याभोवतीची विणलेली तांब्याची जाळी परतीची. ही जाळीच शिल्ड.

घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगभोवती ५० हर्ट्झचे विद्युत क्षेत्र सतत असते. उघडी तार ते पकडते आणि स्पीकरमधून गुंग आवाज येतो. जाळीमुळे हा उपद्रव बाहेरच अडतो. मात्र जाळीचे दुसरे काम लोक विसरतात: दोन उपकरणांच्या चॅसीला जोडणारी तीच एकमेव वाट असते, आणि मेन्समधून गळणारा अतिसूक्ष्म प्रवाह त्याच वाटेने जातो. समजा हा प्रवाह १०० मायक्रोअँपिअर आहे. जाळी दाट असेल, रोध ०.०५ ओहम असेल, तर तिच्यावर ५ मायक्रोव्होल्टचा गुंग आवाज तयार होतो; २ व्होल्टच्या सिग्नलपुढे तो शंभर डेसिबलहून खाली राहतो, म्हणजे ऐकूच येत नाही. तीच केबल लांब, पातळ पन्नीच्या शिल्डची असेल आणि रोध १ ओहम झाला, तर १०० मायक्रोव्होल्ट. टीव्हीचा ०.३ व्होल्टचा सिग्नल असताना हा फरक ७० डेसिबलवर येतो, आणि रात्रीच्या शांततेत कान टवकारले तर आवाज कळतो.

म्हणून घरगुती केबलचा पहिला नियम: जाळी दाट, तांब्याची, आणि दोन्ही टोकांना नीट सोल्डर केलेली हवी. शिल्ड एकाच टोकाला जोडून आत दोन वेगळ्या तारा वापरण्याचा एक प्रकार आहे. डब्यावरचे बाण बहुधा त्याचेच असतात. तो चालतो, पण त्यात परतीचा प्रवाह बारीक तारेतून जातो आणि जाळीचा कमी रोध वाया जातो. घरच्या छोट्या अंतराला साधी एकेरी शिल्डेड वायरच बरी.

लांबी कुठे नडते

शिल्डेड वायर म्हणजे एक लांबट कपॅसिटरच. मीटरमागे साधारण ५० ते २०० पिकोफॅरड भरतात. सीडी प्लेअरचा आउटपुट अवरोध १ किलो-ओहम आणि केबल १०० पिकोफॅरडची असेल, तर आवाज कमी व्हायला सुरुवात होते ती सुमारे १.६ मेगाहर्ट्झला. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपलीकडे ऐकत नाही. तेव्हा इथे काळजी नाही.

पण कोणी स्वतः बनवलेल्या डबीत ५० किलो-ओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवून त्यापुढे दहा मीटर केबल ओढली, तर गणित फिरते. व्हॉल्यूम मध्यावर असताना त्याचा आउटपुट अवरोध १२.५ किलो-ओहमपर्यंत जातो, केबलची कपॅसिटन्स १,००० पिकोफॅरड होते, आणि तेरा किलोहर्ट्झच्या आतच आवाज ३ डेसिबलने उतरतो. झांजांची चकाकी गेली, तंबोरा मंदावला, असे वाटते. केबल महाग घेऊन हे सुटत नाही. व्हॉल्यूमची डबी ॲम्प्लिफायरजवळ ठेवली की सुटते.

रेकॉर्ड प्लेअरला मात्र केबल खरोखर ऐकू येते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या काट्रिजचा सिग्नल अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास आणि आतल्या वेटोळ्याचा इंडक्टन्स ५०० मिलिहेन्रीच्या घरात. केबलची कपॅसिटन्स आणि हे वेटोळे मिळून एका विशिष्ट जागी आवाज फुगवतात. एकूण २०० पिकोफॅरड असतील तर ही जागा १६ किलोहर्ट्झच्या जवळ पडते. ५०० झाले तर ती १० किलोहर्ट्झवर खाली येते, आणि स, श, च ही अक्षरे बोचू लागतात. काट्रिजच्या कागदावर किती पिकोफॅरड चालतील ते लिहिलेले असते. त्यातून ॲम्प्लिफायरचे आणि टोनआर्मच्या आतल्या वायरचे वजा करून जे उरेल तेवढीच केबल ठेवावी. साधारण एक मीटरच्या आत.

साहित्य कुठून आणावे, कसे पारखावे

वराळ्याहून तळेगाव स्टेशन, तिथून लोणावळा–पुणे लोकलने शिवाजीनगर, आणि पुढे बुधवार पेठ: पुणे जिल्ह्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी लोकांची ही ठरलेली वाट. तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत पिना, शिल्डेड वायर, सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह असे सगळे सुटे मिळते. मुंबईकरांसाठी हेच काम लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, करतो.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहावे. वरचा तांबडा रंग गेल्यावर आत पांढरे दिसले तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची किंवा लोखंडाची तार आहे. लहानसे लोहचुंबक खिशात असले तर लोखंड लगेच कळते. घरात पडून राहिलेली केबल टीव्हीची जाड काळी वायर या कामाला घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तिची मधली तार अनेकदा लोखंडी आणि जाळी ॲल्युमिनिअमची असते, आणि ॲल्युमिनिअमवर साधे सोल्डर धरत नाही. गोळा वरवर बसल्यासारखा दिसतो, महिन्याभरात सुटतो. अपवाद एकच: तांब्याच्या जाळीची ७५ ओहमची कोॲक्सिअल वायर मिळाली तर ती ऑडिओला उत्तम, आणि सीडी प्लेअरच्या 'डिजिटल आउट'ला तर तीच लागते.

पिना धातूच्या आवरणाच्या, आत वायर दाबून धरणारी पट्टी असलेल्या घ्याव्यात. मुलामा सोनेरी दिसला म्हणून तो सोन्याचा असेलच असे नाही, पण पिन घट्ट बसते की नाही हे दुकानातच सॉकेटला लावून पाहता येते. सोन्यापेक्षा हा घट्टपणा महत्त्वाचा.

प्रत्यक्ष काम

हवी त्यापेक्षा हातभर जास्त वायर कापावी. डाव्या-उजव्या बाजूचे दोन तुकडे सारखे असावेत. आता सर्वांत आधी करायचे आणि सगळेच विसरतात ते काम: पिनेचे आवरण आणि हीट श्रिंकचा तुकडा वायरीत ओवून ठेवणे. सोल्डर झाल्यावर आठवले की पुन्हा सगळे उसवावे लागते.

बाहेरचे वेष्टन दीड सेंटिमीटर सोलावे. ब्लेड जोरात दाबले तर जाळीचे केस कापले जातात. म्हणून हलकी रेघ मारून वायर वाकवली की वेष्टन आपोआप फाटते. जाळी विंचरून एका बाजूला घ्यावी आणि पीळ द्यावा. मधल्या तारेचे पाच मिलिमीटर टोक सोलावे. दोन्हींना आधी सोल्डरचा पातळ थर चढवावा.

आयर्न २५ वॉटचे साधे चालते. सोल्डर राळ भरलेले असावे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि नवख्याच्या हाताला सोपे जाते. प्लंबर किंवा पत्र्याचे काम करणारे वापरतात ते आम्लाचे फ्लक्स इथे अजिबात नको. ते सांध्यात राहून तांबे खाते, आणि मावळच्या दमट हवेत फार लवकर खाते.

आधी मधला खिळा. तार आत घालून आयर्नचे टोक धातूला लावायचे आणि सोल्डर त्या तापलेल्या धातूला टेकवायचे, आयर्नला नव्हे. दोन-तीन सेकंदांत ते पाण्यासारखे पसरते. त्याहून जास्त वेळ धरले तर आतले प्लास्टिक वितळून तार जाळीला टेकते. मग जाळी कडीच्या पत्र्याला लावावी. पत्रा मोठा असल्याने थोडा अधिक वेळ लागतो. सांधा चकचकीत आणि कडेने चपटा उतरलेला हवा. मळकट, दाणेदार गोळा म्हणजे तो थंडावताना हलला, पुन्हा तापवावा. शेवटी पट्टी वेष्टनावर दाबावी, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शिसे पोटात जाऊ नये.

तपासणी मल्टिमीटरच्या 'बीप'वर. खिळा ते खिळा वाजले पाहिजे, कडी ते कडी वाजले पाहिजे, आणि खिळा ते कडी अजिबात वाजता कामा नये. तपासताना दोन्ही टोके हलवून पाहावीत. लाल पिन उजवीकडची, पांढरी किंवा काळी डावीकडची.

जुन्या सेटची पाच खिळ्यांची पिन

घरी केबल बनवण्याचे खरे चीज होते ते इथे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायरना आरसीए नसून पाच खिळ्यांचे गोल डिन सॉकेट असते. त्यासाठी तयार केबल शोधत हिंडण्यापेक्षा ती बनवणे सोपे. खिळ्यांचे क्रमांक पिनेवरच बारीक अक्षरात असतात, आणि ते रांगेने १-२-३-४-५ नसून १-४-२-५-३ असे असतात. इथेच बहुतेकांची चूक होते. २ क्रमांक मधला, तो शिल्डचा. टेपमधून आवाज बाहेर येतो तो ३ वर डावा आणि ५ वर उजवा. रेकॉर्डिंगसाठी आत जातो तो १ वर डावा, ४ वर उजवा. हे रेकॉर्डिंगचे इनपुट फार नाजूक, काही मिलिव्होल्टचे असते. सीडी प्लेअर थेट लावला तर आवाज फाटतो. मध्ये प्रत्येक बाजूला ४७० किलो-ओहमसारखा मोठा रेझिस्टर घालावा लागतो.

७८ च्या तबकड्यांसाठी एक युक्ती

ज्यांच्या घरी नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, त्यांना एका खास केबलचा उपयोग होईल. या तबकड्या मोनो आहेत. सुईची आडवी हालचाल म्हणजे गाणे. उभी हालचाल म्हणजे निव्वळ खरखर. स्टिरिओ काट्रिज दोन्ही वाचते. डाव्या आणि उजव्या बाजूचे खिळे केबलमध्येच एकत्र जोडले आणि पुढे पुन्हा दोन पिनांना वाटले, तर उभ्या हालचालीचे दोन सिग्नल एकमेकांना छेदतात आणि खरखरीचा बराच भाग निघून जातो. बालगंधर्वांचा आवाज स्वच्छ होतो म्हणण्यापेक्षा त्यावरची वाळू कमी होते, इतकेच. ही युक्ती फक्त काट्रिजपाशी करावी. मोबाइल किंवा सीडी प्लेअरचे दोन आउटपुट असे थेट एकत्र बांधू नयेत. ते एकमेकांवर भार टाकतात. तिथे प्रत्येकात १ किलो-ओहमचा रेझिस्टर हवा. आणि तबकडीला सुईही तिचीच हवी: ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची, एलपीची १८ ते २५ मायक्रॉनची नव्हे.

जिथे केबल जिवावर बेतू शकते

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मोबाइल जोडायचा, ही कल्पना मोहक आहे. जोडण्याआधी रेडिओ मागून उघडून पाहिलाच पाहिजे. अर्थात, प्लग काढून. काही जुने सेट 'एसी/डीसी' प्रकारचे असतात. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, आणि मेन्सची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असते. दोन खिळ्यांचा प्लग उलटा बसला तर अख्खी चॅसी २३० व्होल्टवर. लाकडी पेटी आणि प्लास्टिकच्या बटणांमुळे एरवी हात लागत नाही. पण केबलची जाळी चॅसीला सोल्डर केली की ते २३० व्होल्ट पिनेच्या कडीवर, मोबाइलवर आणि हातात येतात. ट्रान्सफॉर्मर दिसला नाही किंवा ओळखता आला नाही, तर अशा सेटला केबल लावूच नये. जाणकाराने आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्यावरच तो विचार करावा.

दुसरा धोका गुंग आवाजाच्या उपायातून येतो. टीव्हीला डिश किंवा केबलची वायर लावली की आवाज सुरू होतो, काढली की थांबतो. हा दोन अर्थिंगमध्ये फिरणारा प्रवाह. यावर ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आवाज थांबतो, हे खरे. पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत मेन्सची तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर फ्यूज उडणार नाही आणि विजेची वाट केबलमधून किंवा माणसातून जाईल. योग्य उपाय म्हणजे सगळी उपकरणे एकाच बोर्डवर घेणे, तेवढ्याने न भागल्यास अँटेनाच्या वायरीत आयसोलेटर किंवा ऑडिओच्या वाटेत १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालणे. गावातल्या घरात मुळात अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो; तो एप्रिलमध्ये तपासून घ्यावा.

आरसीए पिनेत एक जन्मजात खोट आहे: सॉकेटमध्ये आधी खिळा टेकतो आणि कडी नंतर. त्या क्षणभरात मोठा धडाम आवाज होऊन ट्वीटर जळू शकतो. म्हणून केबल लावताना आणि काढताना ॲम्प्लिफायर बंद.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये उघडीप पडली की सगळ्या पिना काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि सॉकेटमध्ये दोन-तीनदा गोल फिरवून बसवाव्यात. काळपट थर निघून जातो. पॉलिश पेपर वापरू नये, मुलामाच निघतो. जाळी हिरवी पडलेली दिसली तर टोक दोन इंच मागे कापून नवे तांबे काढावे. सुरुवातीला ठेवलेली ती हातभर जादा वायर याचसाठी असते.